डेंग्यू नसलेल्या गावातली वच्छलाबाई

रिसोडपासून बारा किलोमीटरवर आमचं हिवरदरी गाव. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं ‘डेंग्यूमुक्त गाव’ असं लिहिलेलं आहे. ते लिहायला खास रिसोडहून पेंटर आणला होता. मच्छरांना वाचता येत नाही, तेवढी एक अडचण राहिली.

माझी पिठाची गिरणी त्या भिंतीसमोरच आहे. त्यामुळं गावात कोण काय बोलतं ते मला ऐकावंच लागतं. वीस वर्षं ऐकून माझं मत असं झालंय की आमच्या गावात अक्कल कमी नाही, ती वापरायचा कंटाळा आहे. वच्छलाबाई खिल्लारेला तो कंटाळा नाही. म्हणूनच ती कोणाला आवडत नाही.

वच्छलाबाई आमच्या गावची आशा, म्हणजे आरोग्य खात्याची स्वयंसेविका. वय चव्वेचाळीस, अंगानं काटकुळी, जीभ मात्र भरदार. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. नवरा पंजाबराव रोजमजुरीला जातो आणि घरी आल्यावर बायको सांगेल ते करतो. दर मंगळवारी ती एका हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, काखेत रजिस्टर घेऊन घरोघर फिरायची. रांजण, ड्रम, कूलर, गोठ्यातला टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळ्यांत वाकून पाहायची. अळी दिसली की पाणी ओतायला लावायची आणि भिंतीवर खडूनं तारीख लिहायची.

आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. आठ दिवस पुरवायचं पाणी एक बाई येऊन ‘ओता’ म्हणते, हे लोकांना कसं रुचावं? ती गल्लीत दिसली की बाया टाकीवर गोणपाट टाकत आणि ‘आमचं पाहून झालं’ म्हणत. काही घरांचं कारण वेगळं होतं. ते कोणी तोंडानं बोलत नसे. ती रांजणापाशी गेली की, “तुमी हात नोका लावू, आमीच झाकन उघडतो,” असं म्हणायचे आणि उघडायचेच नाहीत. वच्छलाबाईला ते कारण लहानपणापासून पाठ होतं. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती शांतपणे म्हणायची, “मच्छर जात इचारत नाई, बाई. थो सगळ्याइच्या घरी जेवते.”

आता सरपंचांचं सांगतो. कागदावर सरपंच सोजरबाई आणि खुर्चीवर तिचा नवरा भागवतभाऊ. सोजरबाईनं तीन वर्षांत सह्या सोडून काही केलं नव्हतं, आणि त्या सह्या तरी तिच्याच होत्या का, हे मी छातीठोक सांगणार नाही. भागवतभाऊंच्या खिशाला कायम दोन पेनं. लिहिताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यात वच्छलाबाईला ताप आला. डोळ्यांच्या खोबणी ठणकायला लागल्या, हाडं पिळल्यासारखी झाली. तिनं तापाचा दुसरा दिवस मोजला आणि स्वतःच रिसोडला जाऊन रक्त दिलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट पडत पडत अडतीस हजारांवर आल्या. दवाखान्यात तीन दिवस सलाईन लागलं, ताप उतरला, आणि ती जीपनं घरी आली.

ती आली त्याच दिवशी भागवतभाऊ तिच्या दारात गेले. विहाराच्या मागं ते निवडणुकीनंतर पहिल्यांदाच गेले असावेत. आत काही ते गेले नाहीत.

“वच्छलाबाई, तब्येत कशी काय?”

“हाय जिती.”

“बरं झालं. एक सांगाचं होतं. दहा दिवसांनी डेंग्यूमुक्त गावाच्या बक्षिसाची कमिटी येऊन राह्यली. रजिस्टरमधी डेंग्यू नोका लिहू. साधा ताप लिहा.”

“मले साधा ताप नव्हता, भाऊ.”

“तुमाले काय झालं थे तुमाले मालूम हाय ना. मंग कागदाले कायले सांगता?”

वच्छलाबाईनं पंजाबरावांना रजिस्टर आणायला सांगितलं, भागवतभाऊंच्या समोर उघडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. नावापुढं ‘डेंग्यू’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. तिला लिहिता आलेलं ते पुढच्या कित्येक आठवड्यांतलं शेवटचं अक्षर, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं पंजाबरावांकडं पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या मिशा कुठं गेल्या?”

पंजाबरावांनी मिशा चाचपून पाहिल्या. जागेवरच होत्या.

“नाक बी दिसत नाई तुमचं. कान दिसतात, डोक्शावरची टोपी दिसते. मधी धुरकट गोळा हाय.”

तिनं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. उजव्या डोळ्यात गोळा मोठा, डाव्यात जरा लहान. रजिस्टर उघडलं तर ओळीचं आधीचं दिसे, नंतरचं दिसे, आणि ज्या शब्दाकडं पाहावं तोच नाहीसा. चुलीकडं पाहिलं तर चूल होती, जाळ नव्हता. बाई घाबरली. पण घाबरल्यावर रडायची तिला सवय नाही. तिनं पिशवी घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, “चाला रिसोडले.”

रिसोडच्या डॉक्टरनं तिच्या पापण्या खालीवर केल्या आणि सांगितलं, अशक्तपणा आहे, शहाळं प्या. चष्म्याच्या दुकानदारानं नंबर वाढला म्हणून चष्मा गळ्यात मारला. चष्म्यातून तोच गोळा अधिक स्वच्छ दिसायला लागला.

आणि गाव? गावानं आपापलं निदान केलं. कोणी म्हणालं, लोकांच्या घरात डोकावून डोकावून नजर लागली. कोणी म्हणालं, दवाखान्यात जास्त सलाईन चढवलं, ते डोळ्यात गेलं. बऱ्याच जणांना खात्री होती की सर्व्हे चुकवायला बाईनं सोंग घेतलंय. भागवतभाऊ माझ्या गिरणीपुढं बाकावर बसून म्हणाले, “डेंग्यूनं कधी डोळा जाते काय? ताप येते, अंग दुखते, पपईचा पाला प्याचा, मोकळं व्हाचं. हे नवीनच.” बसलेले सगळे हसले. मीही हसलो. वीस वर्षांत अक्कल न वापरणाऱ्यांत मी स्वतःला धरलं नव्हतं. त्या दिवशी धरायला हवं होतं.

चार दिवसांत भागवतभाऊंनी दुसऱ्या कोणाकडून तरी नवं रजिस्टर भरून घेतलं. त्यात तापाच्या रकान्यात ‘निरंक’ असा सुंदर शब्द वरपासून खालपर्यंत होता. कमिटी आली, चहा-पोहे झाले, गाडी आमच्या भिंतीपुढं थांबली, फोटो निघाला, कमिटी गेली.

इकडं वच्छलाबाई अकोल्याला पोचली होती. तिच्या बरोबरच्या एका आशाताईनं सांगितलं होतं की तिथं डोळ्याच्या पडद्याच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या बाईंनी थेंब टाकले, तासभर बसवलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून डोळ्याच्या आत पाहिलं. मग कागदावर एक गोल काढून पंजाबरावांना समजावलं. डोळ्याच्या मागं पडदा असतो, त्याच्या मधोमध एक बारीक जागा असते, वाचायचं, सुईत दोरा ओवायचा, माणूस ओळखायचा तो तिथूनच. त्या जागेला सूज आली होती आणि बाजूला रक्ताचे बारीक ठिपके पडले होते.

“कशानं झालं हे?” पंजाबरावांनी विचारलं.

“डेंग्यूनं. फार जणांना होत नाही, पण होतं. प्लेटलेट एकदम खाली जातात ना, त्याच सुमाराला.”

वच्छलाबाईनं त्या कागदावर हात ठेवला. ती म्हणाली, “मॅडम, हे कागदावर लिहून द्या. डेंग्यू हा शब्द मोठा लिहा.”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी लिहून दिलं. बहुतेकांची नजर आठवड्या-महिन्यांत सुधारते, काहींचा डाग थोडा राहतो, असं सांगितलं. आणि निघताना एक गोष्ट सांगितली. “तुम्ही आशा आहात म्हणून सांगते. हा ताप दर वेळी ठरलेल्या वाटेनं जात नाही. कोणाच्या डोळ्यावर येतो, कोणाच्या पोटात उतरतो, अपेंडिक्ससारखं दुखतं. कोणी बरळायला लागतं, कोणाच्या पायातली ताकद जाते. ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजायचं नाही. उतरल्यानंतरचे दोन दिवसच जपायचे.”

आमच्या गावातल्या कोणी हे ऐकलं असतं तर बसस्टँडवर येईपर्यंत विसरलं असतं. वच्छलाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं ते परतीच्या एसटीत पंजाबरावांकडून दोनदा म्हणून घेतलं.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गल्लीत. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, तो तिनं सोमवारी संपवला. बरोबर रजिस्टर लिहायला पंजाबराव. पंजाबराव चौथी शिकलेले. एका घराला त्यांना इतका वेळ लागे की तेवढ्यात माझं पायलीभर ज्वारीचं दळण व्हायचं. बायकांना तर आता करमणूकच झाली. “आंधी आशा आली,” अशी हाक एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायची.

पण त्या फिरण्यात तिला एक गोष्ट सापडली. पाण्यात सरळ पाहिलं तर काही दिसायचं नाही. मान वळवून भलतीकडं पाहिलं, की डोळ्याच्या कडेला काहीतरी वळवळताना जाणवायचं. डोळ्याच्या कडेला अक्षर कळत नाही, पण हललेलं कळतं. पूर्वी तिला अळी शोधायला मिनिट लागायचं, आता बॅटरी लावून भिंतीकडं पाहत उभी राहिली की पटकन कळायचं. पंजाबराव वाकून खात्री करायचे आणि मान डोलवायचे. पाहणाऱ्यांना वाटायचं, बाईचं डोकंही गेलं.

असे दोन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी ती सरपंचांच्या गल्लीत शिरली, तर त्यांच्या दारात जीप उभी आणि घरात धावपळ. भागवतभाऊंची नात संस्कृती, अकरा वर्षांची, ओसरीवर पोट धरून पडली होती. चार दिवस तिला ताप होता. रिसोडच्या एका डॉक्टरकडं दोन इंजेक्शनं झाली, आदल्या सकाळी ताप उतरला, घरच्यांनी देवापुढं साखर ठेवली. संध्याकाळपासून पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरनं उजव्या बाजूला दाबून पाहिलं आणि सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच वाशिमला नेऊन ऑपरेशन करा. घरची माणसं कपडे घ्यायला परत आली होती.

वच्छलाबाई उंबऱ्यापाशी थांबली. मग कोणाला न विचारता आत गेली आणि पोरीचा हात हातात घेतला. हात थंड होता. पायाला हात लावला. तळवेही गार. नाडी पळत होती.

“ताप कधी उतरला?”

“काल,” सोजरबाई म्हणाली.

“अन् दुखणं त्याच्यावर सुरू झालं ना? बाई, पोट फाडाच्या आंधी हिचं डेंग्यूचं रक्त पाहा.”

भागवतभाऊ जीपपाशी होते, तिथून आले. “हे पाहा वच्छलाबाई, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. डेंग्यूनं पोट दुखते, असं कोन्या डॉक्टरनं सांगतलं?”

“डेंग्यूनं डोळा जाते हे बी तुमाले मंजूर नव्हतं, भाऊ. तुमच्या मंजुरीची वाट पाहून कोनाचं दुखणं थांबत नाई.”

“गावात डेंग्यू नाई हाय.”

“तं मंग रक्तात निघनार नाई. तपासाले काय हरकत हाय?”

भागवतभाऊंनी आवाज चढवला. परकी बाई घरात कशी शिरली, भांड्यापाशी कोणी येऊ दिलं, कमिटी येऊन गेल्यावर ही गावाची बदनामी करायला निघाली, असं बरंच. संस्कृती कण्हत होती. सोजरबाई नातीचे पाय चोळत होती; तिला ते खरंच गार लागत होते. ती उठली. तीन वर्षांत गावानं तिचा आवाज ऐकला नव्हता, त्या दिवशी शेजारच्या चार घरांनी ऐकला.

“तुमी गप बसा,” ती नवऱ्याला म्हणाली. “कागदावर सही मी करतो ना? दवाखान्यातल्या कागदावर बी मीच करीन. पह्यले रक्त, मंग बाकीचं. वच्छला, तू चाल गाडीत.”

वच्छलाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन वाशिमपर्यंत गेली. भागवतभाऊ ड्रायव्हरशेजारी बसले.

वाशिमच्या सर्जननं आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण माणूस समजदार होता. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. अपेंडिक्सला काही झालं नव्हतं. पित्ताशयाची भिंत सुजलेली, पोटात पाणी साठायला लागलेलं. प्लेटलेट चोवीस हजार. डेंग्यूच. सर्जननं रिपोर्ट दोनदा वाचला आणि सोजरबाईला सांगितलं, “हिला कापलं असतं तर रक्त थांबवणं कठीण गेलं असतं. तपासायला कोणी सांगितलं?”

सोजरबाईनं वच्छलाबाईकडं बोट केलं. वच्छलाबाई भिंतीकडं पाहत होती, म्हणजे ती डॉक्टरकडं पाहत होती.

संस्कृती सहा दिवस दवाखान्यात राहिली. सुईखेरीज कशाचाही तिच्या अंगाला छेद गेला नाही. सातव्या दिवशी ती घरी येऊन वरण-भात जेवली.

हे सगळं मला सोजरबाईनं स्वतः गिरणीत सांगितलं, गहू पाखडता पाखडता. भागवतभाऊंकडून ऐकलं असतं तर मला वाटलं असतं, संस्कृतीला भागवतभाऊंनीच वाचवलं. कारण ते बाकावर बसून सांगत होते, “मले पह्यलेच शंका आली होती.” आणि मग, “पोट्टी मंगरूळपीरले मामाच्या घरी गेली होती. मच्छर तिकडचा.”

मच्छर कुठला, ते त्याच आठवड्यात कळलं. वच्छलाबाई त्यांच्या घरी तपासायला गेली. या वेळी झाकणं आपोआप उघडली. टाकी स्वच्छ, रांजण स्वच्छ, गोठ्यातला हौद कोरडा. सोजरबाईला जरा हायसं वाटलं. वच्छलाबाई बैठकीत आली आणि टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडं पाहत थांबली.

“तिकडं काय पाह्यतं वच्छला? तिथं काई नाई.”

“मी तिकडं नाई पाहून राह्यली. माह्या डोळ्याच्या मधी भोक हाय, मी कडेनं पाह्यतो. त्या बाटलीत वळवळून राह्यलं.”

मनी प्लांटची काचेची बाटली होती. घरात पैसा यावा म्हणून टीव्हीजवळ ठेवलेली. पंजाबरावांनी उचलून उजेडात धरली. अळ्या इतक्या होत्या की मुळं दिसत नव्हती. संस्कृती तिथंच खाली बसून कार्टून पाहायची.

वच्छलाबाईनं त्या दिवशी भागवतभाऊंच्या बैठकीतच बसून जुनं रजिस्टर उघडायला लावलं. पंजाबरावांनी आपल्या चौथीच्या अक्षरात डेंग्यूचं दुसरं नाव लिहिलं, संस्कृतीचं. सरपंचांची सही सोजरबाईनं केली. मी ती सही पाहिली आहे. त्याआधीच्या तीन वर्षांतल्या एकाही सहीशी ती जुळत नाही.

एवढं झाल्यावर गावाला लाज वाटली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या गावाला लाज वाटत नाही. ते सत्कार ठेवतं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर वच्छलाबाईला शाल आणि नारळ द्यायचं ठरलं. भागवतभाऊंनी वीस मिनिटं भाषण केलं. त्यात आरोग्य, स्वच्छता आणि आपलं मार्गदर्शन आलं. डेंग्यू हा शब्द एकदाही आला नाही. मग त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली. शाल टाकताना तिच्या अंगाला हात लागणार नाही याची काळजी त्यांनी घेतली, ती माझ्यासकट पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसली.

वच्छलाबाईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपाशी आली.

“डावा डोळा सुधारला,” ती म्हणाली. “उजव्या डोळ्यात अजून डाग हाय. डावा झाकला, की भागवतभाऊचा चेहरा मले दिसत नाई. पन त्याच्यानं माह्यं काई अडत नाई. मंगळवारी येतो. झाकनं उघडून ठेवा.”

बाया हसल्या. भागवतभाऊही हसले, कारण सगळे हसत होते. ती शाल तिनं पंजाबरावांच्या हातात दिली आणि नारळ फोडायला घरी घेऊन गेली.

आज तिचा उजव्या डोळ्यातला डाग कापडावरच्या चहाच्या डागाएवढा फिका उरलाय, असं ती सांगते. ती पुन्हा स्वतः रजिस्टर लिहिते, पंजाबराव मजुरीला जातात. सोजरबाई आता ग्रामपंचायतीत बसते, आणि भागवतभाऊ माझ्या बाकावर जास्त वेळ बसतात. ते मला परवडत नाही, पण ऐकतो.

लोक अजूनही टाकीवर गोणपाट टाकतात. फरक इतकाच की आता ते नीट बांधतात, आणि पोरीचं पोट दुखलं की चार बाया आधी विहाराच्या मागं जातात. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात जातात, ओढणीनं तोंड झाकून, कोणी पाहू नये म्हणून. वच्छलाबाई त्यांना ओट्यावर बसवते, पाणी देते. बहुतेक जणी ते पितात. ज्या पीत नाहीत त्यांना ती काही म्हणत नाही, तांब्या उचलते, झाकण ठेवते आणि विचारते, “ताप कोन्या दिवशी उतरला?”